चिनारांच्या रस्त्याचा अडतिसावा फोटो

मेंदोसा,
२४ एप्रिल १९९१

प्रिय एल्विरा,

पाटाला पाणी यायच्या आधी जो आवाज यायचा तो तुला आठवतो का? पाण्याचा नव्हे, पाण्याच्या पुढचा. पाटकरी वरच्या कोपऱ्यावर फळी उचलायचा आणि आधी सुकी पानं यायची, एकमेकांना ढकलत, कुजबुजत, शाळा सुटल्यावर दारात दाटी होते तशी. त्यांच्या मागून पाणी. आई म्हणायची, "उठा, पानं बोलायला लागली." मग आपण दोघं झाडू घेऊन धावायचो, कारण आपल्या दारापुढचा पाट तुंबला की खालच्या घरची खासिंताबाई सगळ्या आळीला ऐकू जाईल असा आपला उद्धार करायची.

आज सकाळी तोच आवाज ऐकला. सत्तर वर्षांत त्याची चाल बदललेली नाही. माझीच बदलली.

आपल्याकडचा एप्रिलमधला शरद, पानगळीचा ऋतू, यंदा घाईत आहे. तुतीची पानं अंड्याच्या बलकासारखी पिवळी झाली आहेत. बकाणाची तर शेंड्यापासून सुरुवात झाली, जणू वरून कुणी रंग ओततंय आणि तो अजून बुंध्यापर्यंत पोचायचा आहे. आपल्या अंगणातला द्राक्षाचा वेल लाल झाला आहे, तोही असा की एका पानात हिरवा, तांबडा आणि जांभळा एकत्र नांदतात. सोबत नऊ फोटो आहेत. प्रत्येकाच्या मागे झाडाचं नाव लिहिलंय, नाहीतर मागच्या वर्षासारखी तू तुतीला बकाण म्हणशील.

चौथीतल्या देल्फिना बाईंची कविता आठवली:

झाड म्हणे वाऱ्याला, घे रे माझं सोनं,
उघड्या हाती उभं राहणं हेच माझं लेणं.

पुढचं कडवं काही केल्या आठवत नाही. तुला येतं का?

चिनारांच्या रस्त्याचा मोठा फोटो अजून काढलेला नाही. पानांच्या फक्त कडा तांबूस झाल्यात. पूर्ण पिकली की दरवर्षीसारखा त्याच कोपऱ्यावर उभा राहून काढीन आणि पाठवीन. हा अडतिसावा असेल. १९५४ पासून एकही वर्ष चुकलेलं नाही, हे तुझ्या भिंतीलाही ठाऊक आहे.

मी ठणठणीत आहे. रोज सकाळी फिरायला जातो. काल पार चौकापर्यंत जाऊन आलो. अक्षर वाकडं आलंय ते गारठ्यामुळे.

तुझा,
फाउस्तीनो

*

कोमोदोरो रिवादाविया,
२ मे १९९१

प्रिय फाउस्तो,

फोटो मिळाले. फार छान आले आहेत. लाल पान तर फारच सुंदर. मी ते स्वयंपाकघरात चिकटवलं.

इथे नेहमीसारखा वारा आहे. काल शेजारणीच्या दोरीवरची चादर उडाली, ती बंदरावर सापडली म्हणे. झाड नाही, पान नाही, उडायला चादरीच आहेत. सत्तावन्न वर्षं झाली मला या गावात, अजून टोपी डोक्यावर राहिलेली नाही. फोनवर मला वाराच ऐकू येतो, त्यामुळे फोन करू नकोस, लिहीत जा.

कवितेचं पुढचं कडवं मला येत नाही. तुलाही तेव्हा येत नव्हतं. पंचवीस मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या समारंभात तू अर्ध्यावर अडकलास आणि आईकडे बघून रडलास. मी पहिल्या रांगेत होते.

फार हिंडू नकोस. मेंदोसातला सकाळचा गारठा हाडात शिरतो. मिर्ता सांगेल ते ऐकत जा, लेक कष्टाळू आहे तुझी, तिला त्रास देऊ नकोस. आणि मोठ्या फोटोची घाई नाही. यंदा नाही आला तरी चालेल. भिंतीवर तशीही जागा उरलेली नाही.

तुझी,
एल्विरा

*

मेंदोसा,
९ मे १९९१

प्रिय एल्विरा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू बरी आहेस ना? साठ वर्षांत तू माझ्या एका फोटोला चांगलं म्हटलेलं नाहीस. कधी फांदी कापली गेलेली असते, कधी माझी सावली आत आलेली असते. आणि आता "फार छान", "फारच सुंदर", वर "नाही आला तरी चालेल". डॉक्टरांनी काही सांगितलंय आणि तू लपवते आहेस, असं मला वाटायला लागलंय. खरं काय ते कळव.

तू खरं कळवावंस म्हणून आधी मीच खरं सांगतो.

मी फिरायला जात नाही. चौकापर्यंत गेलो ते खोटं. अकरा एप्रिलला बिस्किटवाल्याच्या घरापुढची तुती एकदम पेटल्यासारखी दिसत होती. सगळं झाड चौकटीत मावेना, म्हणून कॅमेरा डोळ्याला लावून मी एक पाऊल मागे गेलो, मग आणखी एक. मागे जमीन होती, पानांनी झाकलेली. म्हणजे मला तसं वाटलं. ती जमीन नव्हती, पाट होता.

मेंदोसाचा माणूस पाटात पडला, एल्वी. ब्वेनोस आइरेसचे पाहुणे पडायचे आणि आपण उंबऱ्यावर बसून मोजायचो, या शरदात किती. आपल्याला चालायच्या आधी पाट कळतो, असं बाबा म्हणायचे. शेजारची पुराबाई झाडू घेऊन आली, वरून वाकून म्हणाली, "अहो फाउस्तीनो, आत काय हरवलंय?" मी म्हटलं, "अब्रू." मग तिने आरडाओरडा करून चार माणसं जमवली.

डाव्या मनगटाला प्लास्टर (कागद धरता येत नाही, म्हणून अक्षर वाकडं), कपाळाला तीन टाके. कॅमेऱ्याला काही झालं नाही, तो मी वर धरला होता.

तेव्हापासून मिर्ता बाहेर जाताना जाळीच्या दाराला कुलूप लावते. सकाळी नऊला चष्म्याच्या दुकानात जाते, एकला येते, आम्ही जेवतो, सगळं गाव झोपतं तशी तीही झोपते, किल्ली उशीखाली. पाचला पुन्हा कुलूप. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "किल्ली दे." ती म्हणाली, "बाबा, मी लोकांना अक्षरांचा तक्ता वाचायला सांगते आणि मला तक्त्याच्या जागी तुम्ही पाटात पडलेले दिसता." मी म्हटलं, "आग लागली तर?" तर शेजारी, पुराबाईकडे, दुसरी किल्ली ठेवली आहे म्हणे. पुराने मला शपथेवर सांगितलंय की आगीशिवाय ती देणार नाही. मी तिला विचारलं, छोटीशी आग चालेल का.

तुला पाठवलेले सगळे फोटो घरातले आहेत. पानं वाऱ्याने अंगणात येतात, नाहीतर पुरा जाळीतून आत सारते. भाजीवालीसारखी विचारते, "आज कोणती देऊ? बकाण ताजा आहे." मी ती फरशीवर मांडतो आणि उन्हाची वाट बघतो.

पण रस्ता कुणी जाळीतून आत सारू शकत नाही. माझ्या खुर्चीतून मला एक चिनार आणि दुसऱ्याची फांदी दिसते, आणि ती फांदी आता पूर्ण तांब्याची झाली आहे. म्हणजे कोपऱ्यावरून बघितलं तर दोन्ही बाजूंच्या रांगा वर एकमेकींत मिसळल्या असतील आणि खाली सगळा रस्ता भरला असेल. दहा दिवस, फार तर पंधरा. एक दिवस डोंगरावरून गरम वारा उतरला की एका दुपारी सगळं संपेल. आणि मी एकोणऐंशीचा आहे. पुढचा शरद मला कुणी लिहून दिलेला नाही.

मिर्ता जगात फक्त तुझं ऐकते. लहानपणापासून तुला घाबरते. तिला दोन ओळी लिही. रोज एक तास एवढंच मागतो. हवं तर पुराला माझ्या कोटाचं टोक धरून मागे चालू दे.

तुझा,
फाउस्तीनो

*

कोमोदोरो रिवादाविया,
१८ मे १९९१

फाउस्तो,

मला काहीही झालेलं नाही. गुडघे सोडून सगळं जागेवर आहे. छान म्हटलं ते लाजेने म्हटलं.

त्या फरशा बघताच मी ओळखल्या. काळी-पांढरी, काळी-पांढरी, आणि तिसऱ्या रांगेतली कोपरा उडालेली. पंधरा वर्षं मी त्या रॉकेलने पुसल्या आहेत. आणि प्रत्येक पानावर जाळीच्या गजांची सावली आहे, ती तुला दिसली नाही आणि मला मात्र सांगतोस की तुझ्या सावलीवर मी उगाच बोट ठेवते. पण फरशा बघायच्या आधीच मला माहीत होतं.

तू पडलास त्याच संध्याकाळी मिर्ताने दुकानातून फोन केला. वाऱ्यातूनही तिचं रडणं मला ऐकू आलं. म्हणाली, आत्या, काय करू? मी सांगितलं, दाराला कुलूप लाव. पुरुषमाणसाला सांगून कळत नाही, कुलपाने कळतं. दुसरी किल्ली पुराकडे ठेव, हेही मीच सांगितलं. तू ज्याला मिर्ताचं कुलूप म्हणतोस ते माझं आहे.

रामोन कसा गेला, मी विधवा कशी झाले, हे मी तुला कधी नीट लिहिलं नाही. वारा होता, छपराचा पत्रा वाजत होता. तो म्हणाला, दोन खिळे ठोकून येतो. मी चहाचं पाणी ठेवलं होतं. मी त्याला म्हणाले, जाऊ नको. एकदाच म्हणाले, मान वर न करता. पाणी उकळायच्या आत तो खाली आला. बावीस वर्षं झाली, मी ते एकदाच म्हणणं रोज म्हणते. तुझ्या वेळी मला पुन्हा एकदाच म्हणायचं नव्हतं.

आणि तू त्या रस्त्यावर उलट्या पावलांनी का चालतोस, हेही मला माहीत आहे. दरवर्षी एप्रिल लागला की मीच लिहिते, पानं पाठव, रस्ता पाठव. तू गेलास तर मला एल्वी म्हणणारं कुणी राहत नाही, म्हणून तुला कोंडलं. आणि ज्याच्यासाठी तू बाहेर जातोस ते माझ्याच भिंतीसाठी. किती शहाणी बहीण आहे बघ तुझी.

मिर्ताला आज लिहिलंय, कुलूप काढ. ती माझ्यावर चिडेल, चिडू दे. तूही चीड.

एल्विरा

*

मेंदोसा,
२५ मे १९९१

एल्विरा,

आज सुट्टी आहे. शाळांची मिरवणूक आपल्या रस्त्याने गेली. मला खुर्चीतून झेंड्यांची टोकं दिसली आणि बँड ऐकू आला. मिर्ताने मक्याचा रस्सा केला होता, तो मी खाल्ला नाही.

माझं मन मोकळं करायला जगात एकच पत्ता होता, आणि कुलूप त्याच पत्त्यावरून आलं. अठ्ठावीस दिवस मी तुझ्याकडे तुझीच तक्रार करायचं ठरवत होतो आणि तू मला गारठा सांभाळ म्हणून लिहीत होतीस.

रामोनचं वाचून वाईट वाटलं. पण मी रामोन नाही.

यंदा फोटो येणार नाही. पुढेही नाही. उत्तर पाठवू नकोस.

फाउस्तीनो

*

मेंदोसा,
२ जून १९९१

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी चिडले, हे खरं. लाव म्हणालीस लावलं, काढ म्हणालीस काढलं, आणि बाबा पडले तर उचलायला मी. पण ते आता जाऊ दे. मी वेगळ्याच कारणाने लिहिते आहे.

सत्तावीस तारखेपासून मी कुलूप लावत नाही. सकाळी जाताना जाळीचं दार उघडं ठेवते, सरळ पूर्ण उघडं, म्हणजे त्यांना कळावं. ते बाहेर गेलेले नाहीत. पहिल्या दिवशी मला वाटलं रागाने. दुसऱ्या दिवशी मी दुपारी विचारलं, "फिरून आलात?" तर म्हणाले, "उद्या."

गुरुवारी मी एकला घरी आले तर बाबा दाराच्या आतल्या बोळात उभे. कोट, टोपी, गळ्यात कॅमेरा, उजवा हात दाराच्या चौकटीवर. मला वाटलं आत्ताच निघताहेत. पुरा म्हणाली, "मिर्ता, ते दहापासून तसेच उभे आहेत. मी दोनदा हाक मारली." तीन तास, आत्या. हात धरून आत आणलं तेव्हा बोटं गार पडली होती.

मी त्यांना जेवायला वाढलं. जेवता जेवता म्हणाले, "पानांखाली जमीन कुठे संपते ते कळत नाही गं." मी म्हटलं, "मी सगळं झाडून टाकते, अगदी कोपऱ्यापर्यंत." तर म्हणाले, "झाडलंस तर फोटो कशाचा काढू?"

मी म्हटलं, मी बरोबर येते, रविवारी. मान डोलावली. आज रविवार, तर म्हणाले मनगट दुखतंय. प्लास्टर निघून आठवडा झाला आहे आणि डॉक्टर म्हणतात हाड उत्तम जुळलं.

पानं आता अंगणातही मांडत नाहीत. पुरा जाळीपाशी ठेवून जाते, ती तशीच पडून राहतात.

कुलूप मी काढलं. याच्यापुढे काय काढायचं ते मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर कळव. तुझ्यावर ओरडण्यासाठी लिहायला बसले होते, ते राहूनच गेलं.

तुझी,
मिर्ता

*

मेंदोसा,
१० जून १९९१, सकाळ

प्रिय एल्विरा,

उत्तर पाठवू नकोस असं मी लिहिलं आणि तू पाठवलं नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंस, तेही नको तेव्हा. रोज अकराला पोस्टमनची शिट्टी पलीकडच्या घरापाशी वाजते आणि पुढे निघून जाते.

राग गेला. कधी गेला ते कळलं नाही. एका सकाळी शोधला तर नव्हता. त्याच्या जागी दुसरंच काही बसलेलं होतं, आणि ते मी तुलाच सांगू शकतो. मिर्ताला सांगितलं तर ती रडेल आणि पुराला सांगितलं तर आळीला कळेल.

दार उघडं आहे, एल्वी. चौदा दिवस उघडं आहे. कुलूप होतं तेव्हा मी गजांना धरून मनातल्या मनात रोज कोपऱ्यापर्यंत जायचो, एकेक झाड मोजत, बिस्किटवाल्याचं घर, न्हाव्याचं दुकान, मग वळण. आता कुलूप नाही तर उंबऱ्यापुढे मनही जात नाही. पाऊल उचलतो आणि तो मागे पडतानाचा क्षण पुन्हा येतो, जेव्हा टाच जमीन शोधत होती आणि जमीन नव्हती. दुखलं ते विसरलो. तो क्षण विसरता येत नाही. मी तुझ्यावर ओरडलो, पण तुझं कुलूप मिर्ता एका हाताने काढू शकली.

लहानपणी कविता अडकली होती तेव्हाही असंच झालं होतं. पुढचा शब्द तिथेच होता, दोन बोटांवर, आणि समोर सगळं गाव.

कालपासून पलीकडच्या गल्लीत फांद्या छाटणारे आले आहेत. त्यांच्या करवतीचा आवाज दिवसभर येतो. आमच्याकडे उद्या येतील असं पुरा सांगून गेली. चिनारांवर अजून पानं आहेत, जुनी, तपकिरी, काही काही अजून तांब्याची. गरम वारा यंदा आला नाही, तो माझी वाट बघत थांबला असेल असं मी स्वतःला सांगत होतो. करवत वाट बघत नाही. उद्या दुपारी ती झाडं मुठी वळल्यासारखी उभी असतील.

म्हणजे जे काय ते आज. सात वाजता उठलो, दाढी केली. कोट घातला, टोपी घातली, कॅमेऱ्यात नवा रोल घातला. मिर्ताने जाताना माझी कॉलर सरळ केली. मग मी दारापर्यंत गेलो. मग परत आलो. मग पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा परत येऊन हे पत्र लिहायला बसलो आहे, कारण बसून हात तरी चालतो.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. म्हणशील, फाउस्तो, भिंतीवर जागा नाही. तसं म्हण. तेवढं तरी लिहून पाठव, मी रागावणार नाही. तुझी भिंत मी कधी बघितली नाही, पण सदतीस रस्ते एकाखाली एक लावलेले मला नेहमी दिसतात, आणि त्या सगळ्यांत एक मोकळी…

कुणीतरी आलं. पोस्टमन असेल. पण शिट्टी वाजली नाही. गाडीचं दार लागलं. कुणीतरी गाडीवाल्याला बजावतंय, "सुटकेस तिथे नको, ओलं आहे. तिथेही नको. अरे माणसा, जमीन बघून ठेव."

मान लांब करून बघितलं. पाटाच्या पलीकडे, भर रस्त्यात, करड्या कोटातली एक बुटकी म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी आहे आणि मान वर करून चिनार बघते आहे. डोक्याला रुमाल इतका घट्ट बांधलाय की जणू आत्ता वारा सुटणार आहे. पुरा झाडू टाकून तिच्याकडे धावली. म्हणते आहे, "आत चला ना, बाई, दार उघडंच आहे, ते आत बसलेत."

म्हातारी खाली बघतसुद्धा नाही. इथपर्यंत स्वच्छ ऐकू येतंय.

"दीड दिवस बसमध्ये कोंडून आलेय मी. आता मी कुठेही आत जाणार नाही. त्याला सांगा, एल्वी रस्त्यावर उभी आहे. बाहेर ये म्हणावं."

उठतो.